घरच्या पवनचक्कीचे आरपीएम कसे मोजायचे

टॉवरवरून खाली येणाऱ्या जनरेटरच्या तीन वायरींमध्ये चक्कीचा वेग, म्हणजे आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), आधीच आलेला असतो. तो वाचायला वर चढावे लागत नाही की नवा सेन्सर बसवावा लागत नाही. हर्ट्झ (विजेची सेकंदाला होणारी आवर्तने) दाखवणारा साधा मल्टिमीटर बहुतेक वेळा पुरतो. तरीही बरेच जण सुरुवातच सेन्सर, चुंबक आणि वीस मीटर वायर घेऊन वर चढण्यापासून करतात. मग चक्की वाऱ्याबरोबर वळत राहते, ती बारीक वायर पिळत जाते आणि एक दिवस तुटते. म्हणून इथे पहिला मान जनरेटरच्या वायरींना दिला आहे. बाकीच्या पद्धती, या वायरी जिथे कमी पडतात तिथे वापरायच्या, किंवा त्यांचा आकडा पडताळायला.

उदाहरणासाठी सगळीकडे एकच चक्की धरली आहे: तीन पाती, व्यास २.४ मीटर, घरी बांधलेला दोन चकत्यांचा अल्टरनेटर (एसी वीज देणारा जनरेटर), प्रत्येक चकतीवर १२ चुंबके, मधल्या स्टेटरमध्ये (न फिरणाऱ्या भागात) ९ कॉइल, खाली तीन फेजचा रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारा भाग) आणि २४ व्होल्टची बॅटरी. तुमची चक्की वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

किती आकडा यायला हवा?

मीटरवरून ५७० आरपीएम निघाले तर ते खरे मानायचे की नाही? हे ठरवायला मोजण्याआधीच एक अंदाज हाताशी हवा. पात्याचे टोक वाऱ्याच्या किती पट वेगाने पळते, त्या गुणोत्तराला टिप स्पीड रेशो म्हणतात. नीट घडवलेल्या तीन पात्यांच्या लहान चक्कीत भार असताना ते साधारण ५ ते ७ असते. पाणी उपसणाऱ्या, पुष्कळ पात्यांच्या चक्कीत ते १ च्या आसपास राहते, म्हणून ती संथ फिरते.

आरपीएम = १९.१ × गुणोत्तर × वाऱ्याचा वेग ÷ व्यास

वारा मीटर प्रति सेकंदात, व्यास मीटरमध्ये. १९.१ हा आकडा म्हणजे ६० भागिले पाय. आपल्या चक्कीचे गुणोत्तर ६ धरले तर ४ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात १९१, ६ मध्ये २८६, ८ मध्ये ३८२ आणि १० मध्ये ४७७ आरपीएम निघतात. व्यास वाढला की वेग उतरतो: ६ च्या वाऱ्यात १.८ मीटरची चक्की ३८२ ने फिरेल, ३.६ मीटरची १९१ ने. म्हणजे ६ च्या वाऱ्यात आपल्या चक्कीच्या मीटरवर ५७० आले तर गुणोत्तर १२ होते. अशा वेळी मोजणी तरी दुप्पट होते आहे किंवा चक्कीवर भारच नाही. या दोन शक्यतांत फरक कसा ओळखायचा ते पुढे येईल.

हर्ट्झवरून आरपीएम

कॉइलसमोरून एक उत्तर आणि एक दक्षिण ध्रुव गेला की एसीचे एक आवर्तन पूर्ण होते. म्हणून:

आरपीएम = १२० × हर्ट्झ ÷ ध्रुवांची संख्या

१२ ध्रुव असतील तर हिशोब तोंडी होतो: हर्ट्झ गुणिले १०. मीटरवर २८.६ हर्ट्झ म्हणजे २८६ आरपीएम.

सगळ्यात जास्त चूक होते ती ध्रुव मोजण्यात. दोन चकत्यांवर १२-१२ चुंबके आहेत म्हणून लोक २४ ध्रुव धरतात आणि वेग निम्मा काढतात. समोरासमोरची दोन चुंबके मिळून एकच ध्रुव होतो. एका चकतीवरून निघालेले चुंबकीय क्षेत्र कॉइल पार करून समोरच्या चकतीत जाते. तेव्हा मोजायची एकाच चकतीवरची चुंबके. कॉइल किती आहेत, जोडणी स्टार की डेल्टा, याचा हर्ट्झशी काही संबंध नाही.

विकत घेतलेला बंद जनरेटर असेल आणि आत किती ध्रुव आहेत हे कळत नसेल, तर दोन एलईडी लागतात:

१. एक लाल आणि एक हिरवा एलईडी एकमेकांना उलटे, समांतर जोडा. त्यांच्या मालिकेत १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. उलटी जोडणी महत्त्वाची आहे, कारण एकटा एलईडी उलट्या व्होल्टेजला साधारण ५ व्होल्टपर्यंतच टिकतो.

२. जनरेटर बॅटरीपासून आणि रेक्टिफायरपासून सोडवा. तीनपैकी कोणत्याही दोन वायरींना ही जोडी लावा.

३. शाफ्टवर आणि बॉडीवर समोरासमोर खडूने खूण करा. अंधारलेल्या जागी शाफ्ट हाताने दोन-तीन सेकंदांत एक फेरा या गतीने, न थांबता फिरवा.

४. एका फेऱ्यात लाल एलईडी किती वेळा लुकलुकला ते मोजा. ६ वेळा तर ६ जोड्या, म्हणजे १२ ध्रुव. पाच फेरे फिरवून एकूण आकड्याला ५ ने भागले तर एखादी लुकलुक सुटल्याचे लगेच कळते.

जनरेटर फार कमी व्होल्टेजचा असेल तर हाताच्या गतीला एलईडी पेटत नाही. मग काट्याचा मीटर सर्वांत लहान डीसी रेंजवर लावा आणि काटा उजवीकडे किती वेळा झुकतो ते मोजा. या कामाला डिजिटल मीटर निरुपयोगी आहे, त्याचे आकडे इतक्या लवकर बदलत नाहीत.

मल्टिमीटर लावताना

मीटर रेक्टिफायरच्या आधी, एसी बाजूला लावायचा. तीनपैकी कोणत्याही दोन फेज चालतात. वारा पडलेला असताना किंवा ब्रेक लावून प्रोब क्लिपने पक्के करा; फिरत्या चक्कीच्या टर्मिनलवर हाताने प्रोब धरून उभे राहू नका. बॅटरी जोडलेली असताना इथे तीसेक व्होल्ट असतात, पण बॅटरीची फ्यूज उडाली तर जोराच्या वाऱ्यात हेच व्होल्टेज काही क्षणांत १०० च्या पुढे जाऊ शकते.

मीटर हर्ट्झवर ठेवा आणि त्याची खालची मर्यादा माहितीपत्रकात पाहा. काही स्वस्त मीटर १० हर्ट्झच्या खाली शून्यच दाखवतात. आपल्या चक्कीत १० हर्ट्झ म्हणजे १०० आरपीएम, त्यामुळे कामाच्या वेगात अडत नाही. पण ध्रुव कमी असलेल्या जनरेटरमध्ये हीच मर्यादा आडवी येते: ४ ध्रुवांना १० हर्ट्झ म्हणजे ३०० आरपीएम.

आकडा सतत हलत राहील. झुळूक येते, जाते. पाती जड असल्याने वेग तिच्या मागून दोन-चार सेकंदांनी चढतो. एकच आकडा टिपून काही कळत नाही. दर ५ सेकंदांनी एक याप्रमाणे मिनिटभरात १२ नोंदी घ्या आणि त्यांची सरासरी काढा. त्याच मिनिटाची वाऱ्याची सरासरी, बॅटरीचे व्होल्ट आणि चार्जिंगचे अँपिअर शेजारी लिहा. हे तीन रकाने नसतील तर आरपीएमचा रकाना कोणाच्याच उपयोगाचा नाही.

आता बिघाड. ६ च्या वाऱ्यात ५७० दिसले असे धरू. रेक्टिफायरचे डायोड चालू-बंद होताना एसीच्या लाटेत खाचा पडतात, आणि मीटर त्या खाचाही आवर्तन म्हणून मोजतो. ही चूक सहसा नेमकी दुप्पट किंवा तिप्पट असते आणि आकडा अधूनमधून २८ हर्ट्झवर उतरून पुन्हा ५७ हर्ट्झवर उडी मारतो. खरा वेग असा उडी मारत नाही. तीन जड पाती एका सेकंदात निम्म्या वेगावर येत नाहीत. उपाय सोपा आहे: मीटरच्या एका प्रोबच्या मालिकेत १० किलोओहम रेझिस्टर आणि दोन्ही प्रोबच्या मध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, २५० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर. १६० हर्ट्झच्या वरचा कचरा त्यात गळतो, मूळ लाट पुढे जाते. फिल्टर लावूनही ५७० ठाम राहिले तर मोजणी बरोबर आहे आणि चक्कीवर भार नाही.

आकडा ५० किंवा ६० हर्ट्झवर चिकटून बसला आणि वारा कसाही असला तरी हलत नसेल, तर मीटर घरातल्या विजेचा किंवा इन्व्हर्टरचा गुणगुणाट वाचतो आहे. प्रोबची एखादी क्लिप सुटलेली असते.

तिन्ही फेज शॉर्ट करून ब्रेक लावल्यावर मीटर शून्य दाखवतो. पण पाती तेव्हाही वीस-तीस आरपीएमने रेंगाळत फिरू शकतात. शॉर्ट केलेल्या वायरींत व्होल्टेजच उरत नाही, म्हणून मीटरला काही दिसत नाही. शून्य पाहून वर चढायचे नाही. पाती डोळ्यांनी थांबलेली पाहायची आणि दोराने बांधायची.

रेक्टिफायर वरच असेल तर

काही विकतच्या चक्क्यांमध्ये रेक्टिफायर डोक्यातच असतो आणि खाली प्लस-मायनस दोनच वायरी येतात. तरी वाट बंद होत नाही. तीन फेजच्या पूर्ण ब्रिजमधून निघालेल्या डीसीवर मूळ आवर्तनाच्या सहापट रिपल (व्होल्टेजची बारीक चढउतार) असते. १२ ध्रुवांना एका फेऱ्यात ६ आवर्तने, म्हणजे रिपलची ३६ स्पंदने. २८६ आरपीएमला ती १७१.६ हर्ट्झ होतात.

आरपीएम = रिपलचे हर्ट्झ × ६० ÷ ३६

अडचण अशी की बॅटरी हे रिपल जवळजवळ पूर्ण गिळून टाकते. बॅटरीच्या टर्मिनलवर मीटर लावला तर काहीच मिळत नाही. टॉवरच्या पायथ्याशी, बॅटरीपासून जितके दूर जाता येईल तितके दूर, एसी रेंजवर हर्ट्झ बघा. एकच फेज असलेल्या जनरेटरमध्ये रिपल सहापट नसून दुप्पट असते, हे विसरू नका.

कायमची नोंद: ऑप्टोकपलर आणि आर्डुइनो

दिवसरात्र नोंद हवी असेल तर मीटरपाशी बसून भागत नाही. खालच्या भागांत काम होते:

ऑप्टोकपलर (उजेडाने सिग्नल पोचवून दोन सर्किट वेगळी ठेवणारा भाग) पीसी८१७, एक. रेझिस्टर १० किलोओहम, १ वॉटचा, एक. रेझिस्टर १० किलोओहम, पाव वॉटचा, एक. डायोड १एन४१४८, एक. आर्डुइनो उनो किंवा नॅनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड). दोन्ही फेज वायरींवर प्रत्येकी अर्ध्या अँपिअरची फ्यूज.

एका फेजमधून १ वॉटच्या रेझिस्टरमार्गे ऑप्टोकपलरच्या एलईडीच्या प्लसवर, मायनसवरून दुसऱ्या फेजवर. १एन४१४८ एलईडीला समांतर, पण उलटा. उलट्या अर्ध्या लाटेत तो एलईडीला वाचवतो. ऑप्टोकपलरच्या ट्रान्झिस्टरचा एमिटर आर्डुइनोच्या ग्राउंडला, कलेक्टर पिन २ ला, आणि पिन २ पासून ५ व्होल्टकडे दुसरा १० किलोओहम.

१० किलोओहमच का? ३० व्होल्टच्या शिखराला एलईडीतून जेमतेम ३ मिलिअँपिअर जातात, आणि कलेक्टरला अर्धा मिलिअँपिअर ओढायला ते भरपूर झाले. बॅटरी सुटून व्होल्टेज १०० च्या शिखरावर गेले तरी १० मिलिअँपिअरच्या आत राहते आणि रेझिस्टरमध्ये सरासरी अर्धा वॉट जळतो. इथे पाव वॉटचा रेझिस्टर घातला तर तो नेमका वादळाच्या दिवशी जळतो, म्हणजे ज्या दिवसाची नोंद सगळ्यात जास्त हवी होती त्याच दिवशी.

प्रोग्राममध्ये एक निर्णय कळीचा आहे: सेकंदातली स्पंदने मोजायची, की दोन स्पंदनांमधला वेळ? समजा फेऱ्याला एकच स्पंदन येते आणि वेग २८६ आहे. सेकंदाला ४.७७ फेरे होतात. सेकंदभर मोजले तर कधी ४ मिळतील, कधी ५, आणि पडद्यावर २४० आणि ३०० आलटून पालटून दिसतील. मधला आकडा येणारच नाही. उलट दोन स्पंदनांमधला वेळ मायक्रोसेकंदात घेतला तर तो २,०९,७९० येतो. ६ कोटींना त्याने भागले की सरळ २८६. म्हणून वेळ मोजा. ऑप्टोकपलरमधून १२ ध्रुवांना फेऱ्यामागे ६ स्पंदने येतात, तेव्हा सहा लागोपाठच्या अंतरांची बेरीज घ्या. चुंबके थोडी पुढेमागे चिकटवली गेली असतील तर ती कसरही पूर्ण फेऱ्यात निघून जाते.

प्रोग्राममध्ये आणखी तीन गोष्टी हव्यात. पिन २ वर इंटरप्ट (स्पंदन येताच हातचे काम थांबवून त्याची नोंद घेण्याची सोय) वापरा, मुख्य लूपमध्ये पिन तपासत बसू नका. एसडी कार्डवर लिहिताना लूप अडतो आणि स्पंदने हरवतात. मागच्या स्पंदनानंतर ४ मिलिसेकंदांच्या आत आलेले स्पंदन टाकून द्या: १००० आरपीएमलाही खरे अंतर १० मिलिसेकंद असते, त्याहून इतके जवळ येणारे म्हणजे गोंगाटच. आणि ३ सेकंद काहीच आले नाही तर वेग शून्य लिहा. ही शेवटची ओळ राहिली की चक्की थांबल्यावरही पडद्यावर शेवटचा वेग तासन्‌तास तसाच दिसत राहतो.

सेन्सर वरच लावायचा असेल तर

अल्टरनेटरच्या वायरींना हात लावायचा नसेल, किंवा ब्रेक लावलेल्या अवस्थेतलाही वेग हवा असेल, तर हॉल सेन्सर (चुंबक जवळ आल्याचे ओळखणारा) किंवा रीड स्विच (चुंबकाने बंद होणारा स्विच) लागतो.

ए३१४४ हा हॉल सेन्सर या कामाला सरावाचा आहे. तो एकाच ध्रुवाला दाद देतो: चुंबकाचा दक्षिण ध्रुव छापील बाजूसमोर आला की आउटपुट खाली जाते. चुंबक उलटे चिकटवले तर सेन्सर मेल्यासारखा वाटतो. सोल्डरिंग उखडण्याआधी चुंबक उलटून पाहा. अंतर ३ ते ५ मिलिमीटर. सेन्सरच्या पायांशीच ०.१ मायक्रोफॅरड कपॅसिटर, पुलअप रेझिस्टर (आउटपुट ५ व्होल्टकडे ओढून धरणारा) मात्र खाली आर्डुइनोजवळ, ४.७ किलोओहमचा. आउटपुट ओपन कलेक्टर (फक्त ग्राउंडकडे ओढणारे) असल्याने सेन्सरला १२ व्होल्ट देऊन पुलअप ५ व्होल्टला लावता येतो, आणि लांब वायरीवर सेन्सरला व्होल्टेज कमी पडत नाही.

हॉल सेन्सर अल्टरनेटरच्या चकतीच्या कडेजवळ, दोन चकत्यांच्या फटीसमोर धरला तर वेगळे चुंबकच लागत नाही. त्याच चुंबकांचे कडेने सांडणारे क्षेत्र तो पकडतो आणि फेऱ्याला ६ स्पंदने देतो. चकतीच्या पाठीमागे धरून उपयोग नाही, लोखंडी चकती क्षेत्र बाहेर येऊच देत नाही.

वेगळे चुंबक लावणार असाल तर ते पात्यावर नको, हबच्या मागच्या बाजूला, आसाजवळ. ५ ग्रॅमचे चुंबक आसापासून १५ सेंटिमीटरवर असेल आणि चक्की ५०० आरपीएमने फिरत असेल तर ते जवळपास २०० ग्रॅम वजनाइतक्या जोराने बाहेर ओढले जाते. नुसत्या गोंदावर पाऊस आणि ऊन खाऊन ते कधीतरी उडते. इपॉक्सी लावा आणि वरून स्टेनलेस पट्टी स्क्रूने दाबा.

रीड स्विचला वीज लागत नाही ही त्याची जमेची बाजू. पण त्याचे पाते बंद होताना थरथरते आणि एका फेऱ्याची तीन-चार स्पंदने होतात. एका चुंबकाला २० मिलिसेकंदांच्या आतली सगळी स्पंदने टाकून द्या; १००० आरपीएमलाही फेरा ६० मिलिसेकंदांचा असतो.

वायर कोणतीही असो, ती मुख्य केबलला बांधून टॉवरच्या नळीतून मधोमध खाली सोडा. पायथ्याशी पुरेशी ढील ठेवा आणि वर्षातून एकदोनदा पीळ सोडवा.

सायकलचा मीटर

प्रोग्राम लिहायचा नसेल तर सायकलचा वायरवाला स्पीडोमीटर हा स्वस्तातला उत्तम टॅकोमीटर (फेरे मोजणारे यंत्र) आहे. आत असतो तोच रीड स्विच. युक्ती चाकाच्या परिघाच्या सेटिंगमध्ये आहे: परीघ १६६७ मिलिमीटर भरा. मग १ किलोमीटर प्रति तास म्हणजे नेमके १० आरपीएम. पडद्यावर २८.६ दिसले की चक्की २८६ वर आहे. ९९.९ पर्यंत दाखवणारा मीटर ९९९ आरपीएमपर्यंत पुरतो, घरच्या चक्कीला तेवढे बस्स.

कमाल वेगाचा आकडा यात फुकट मिळतो आणि तो फार मोलाचा आहे. रात्री वादळ येऊन गेले की सकाळी कळते की चक्की किती वर गेली होती. जोराच्या वाऱ्यात तोंड बाजूला फिरवणारी शेपूट वेळेवर दुमडली की नाही, हे त्याच आकड्यावरून समजते. सरासरी वेगावर मात्र भरवसा ठेवू नका: चाक थांबले की हे मीटर सरासरीचे घड्याळही थांबवतात, त्यामुळे वारा पडलेले तास हिशोबातून गळतात. खरी सरासरी हवी असेल तर एकूण किलोमीटर घ्या. किलोमीटर गुणिले १००० भागिले १.६६७ म्हणजे एकूण फेरे. त्यांना घड्याळातल्या मिनिटांनी भागा.

बिनतारी सायकल मीटर घेऊ नका. त्याचा आवाका हँडलपासून चाकापर्यंतचा असतो, टॉवरच्या उंचीचा नाही.

फोन: कॅमेरा आणि माइक

सेन्सरचा आकडा खरा आहे का, हे तपासायला फोनसारखे साधन नाही. एका पात्याच्या टोकाजवळ रंगीत टेप लावा. ६०-७० आरपीएमपर्यंत डोळ्यांनी फेरे मोजता येतात: १५ सेकंद मोजा, ४ ने गुणा. त्यापुढे स्लो मोशन हवे. २४० फ्रेमच्या व्हिडिओत २८६ आरपीएमचा एक फेरा ५० फ्रेम घेतो. टेप लावलेले पाते सरळ वर असलेल्या फ्रेमपासून दहा फेरे पुढे जा. ५०३ फ्रेम झाल्या तर २४० × ६० × १० ÷ ५०३, म्हणजे २८६. एका फेऱ्यात एक फ्रेम चुकली तर २ टक्क्यांचा फरक पडतो, दहा फेऱ्यांत ०.२ टक्क्यांचा. काही फोन कमी उजेडात फ्रेमचा दर गुपचूप कमी करतात. म्हणून त्याच उजेडात दुसऱ्या फोनवरच्या स्टॉपवॉचचा एक स्लो मोशन तुकडा काढून दर तपासा.

साध्या ३० फ्रेमच्या व्हिडिओवर विसंबू नका. ६०० आरपीएमला सेकंदाला ३० पाती एका जागेवरून जातात आणि चक्की चक्क थांबलेली दिसते; ३०० ते ६०० च्या दरम्यान ती उलटी फिरताना दिसते.

माइकही कामाचा आहे. चार्जिंग चालू असताना टॉवरच्या नळीला कान लावला तर जो घुमणारा सूर ऐकू येतो, तो मूळ आवर्तनाच्या सहापट असलेल्या रिपलचाच असतो. फोनवरच्या स्पेक्ट्रम ॲपमध्ये १७२ हर्ट्झजवळ सुळका दिसला की १२ ध्रुवांच्या हिशोबाने २८६ आरपीएम. त्याच्या दुप्पटीवरही एक सुळका असतो, तो धरू नका.

हातात धरायचा लेझर टॅकोमीटर ५ ते ५० सेंटिमीटरवरून वाचतो, म्हणून तो टॉवरसाठी नसून वर्कशॉपमधल्या बाकासाठी आहे. परावर्तक टेप एकाच जागी लावा. ६००० किंवा ७२०० असा ठाम आकडा आला तर तो ट्यूबलाइटची लुकलुक मोजतो आहे. दिवा बंद करून पुन्हा घ्या.

व्होल्टेजवरून वेग का काढायचा नाही

व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात वाढते हे खरे, पण जनरेटर मोकळा असतानाच. बॅटरी जोडली की ती व्होल्टेज २५ ते २९ च्या दरम्यान धरून ठेवते; वेग २०० असो वा ४००, व्होल्टमीटर जवळजवळ तेच सांगतो. आणि मोकळा जनरेटर म्हणजे बेलगाम चक्की. वाऱ्यात बॅटरी सोडून व्होल्ट मोजायचा प्रयोग कधीही करू नका, पाती फुटेपर्यंत वेग चढू शकतो.

ही मोजणी बाकावर मात्र जरूर करा, कारण चार्जिंग कोणत्या वेगाला सुरू होईल ते तिच्यातून कळते. पाती नसताना, फोनवर मेट्रोनोम ६० वर लावून ठोक्याला एक फेरा असे हब फिरवा. एसी व्होल्ट घेऊ नका: ६० आरपीएमला इथे ६ हर्ट्झ असतात आणि बहुतेक मीटरचे एसी वाचन ४०-४५ हर्ट्झच्या खाली विश्वासाचे राहत नाही. रेक्टिफायर लावा, त्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि डीसी व्होल्ट वाचा. समजा ८.५ व्होल्ट आले. भार नसताना दोन डायोड मिळून साधारण १ व्होल्ट खातात, म्हणजे मूळ ९.५. बॅटरी २५ व्होल्टला आहे आणि भारात डायोड १.४ खातात, तर हवेत २६.४. ६० × २६.४ ÷ ९.५ = १६७. म्हणजे १६७ आरपीएमला चार्जिंग सुरू होईल. आपल्या चक्कीला हा वेग ३ मीटर प्रति सेकंद वाऱ्यात, गुणोत्तर ७ असताना मिळतो. उत्तम जुळणी.

आकडे काय सांगतात

मिनिटाच्या सरासऱ्या वाऱ्याच्या अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या खणांत टाका आणि प्रत्येक खणाचे गुणोत्तर काढा: आरपीएम × व्यास ÷ (१९.१ × वारा). वारा मोजायचे यंत्र पात्यांच्या मागे नको, जवळपास त्याच उंचीवर, बाजूला हवे. ते छपराजवळ बसवले तर वारा कमी मोजला जातो आणि गुणोत्तर खोटे फुगते.

८ च्या वाऱ्यात २५० आरपीएम आले तर गुणोत्तर ३.९ होते. पाती वाऱ्यात अडखळत आहेत: अल्टरनेटर फार जोरकस आहे, बॅटरी व्होल्टेज वर जाऊ देत नाही आणि वेग तिथेच कोंडतो. वारा वाढूनही अँपिअर वाढत नाहीत, हे याचे दुसरे लक्षण. चकत्यांमधले अंतर १-२ मिलिमीटर वाढवा. चार्जिंग थोड्या वरच्या वेगाला सुरू होईल, पण जोराच्या वाऱ्यात पाती मोकळी होतील. अंतराला हात लावायचा नसेल तर एसी वायरींत थोडा रोध घालूनही तेच साधते, फक्त काही वॉट तारेत जळतात.

६ च्या वाऱ्यात ४५० आले तर गुणोत्तर ९.४. पात्यांवर भार नाही. आधी अँपिअर पाहा. शून्य असतील तर फ्यूज, कनेक्टर, किंवा बॅटरी भरल्यावर चक्की मोकळी सोडणारा कंट्रोलर. सोलर पॅनेलसाठीचा कंट्रोलर चक्कीला लावला की नेमके हेच होते. चक्कीला जादा वीज रोधकात वळवणारा कंट्रोलर लागतो. अँपिअर आहेत पण नेहमीपेक्षा कमी, आणि टॉवर घुरघुरतो आहे, तर तीनपैकी एक फेज तुटली आहे. ब्रेक लावून, पाती बांधून, तिन्ही जोड्यांमधला रोध मोजा. जी वायर दोन्ही वेळा उघडी दाखवते ती बहुतेक टॉवरच्या माथ्याशी, पीळ सगळ्यात जास्त बसतो तिथेच तुटलेली सापडेल.